केस्किडी : सोन्याच्या खाणीवर समतेची हद्द

१८४८ हे साल तीन कारणांनी लक्षात ठेवावं असं आहे. जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या कोलोमा इथे, अमेरिकन नदीच्या काठी, जेम्स मार्शल नावाच्या सुताराला लाकडाच्या गिरणीच्या पाटात सोन्याचे कण सापडले. फेब्रुवारीत पॅरिसच्या लोकांनी राजा लुई फिलिपला घालवून दिलं आणि प्रजासत्ताक जाहीर केलं. आणि त्याच साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली.

इतिहासाच्या पुस्तकात या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या धड्यांत येतात. या लेखात त्या शेजारी-शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारायचा आहे. समता मागणारा माणूस ती कुठपर्यंत मागतो? स्वतःपर्यंत, की स्वतःच्या खाली उभ्या असलेल्या माणसापर्यंत? या प्रश्नासाठी कॅलिफोर्नियाला गेलेल्या फ्रेंच लोकांची गोष्ट फार उपयोगी आहे. कारण समता हा शब्द घरातून सोबत घेऊन निघालेले असे परदेशी दुसरे नव्हते.

पॅरिसमधून माणसं का निघाली

फेब्रुवारीच्या क्रांतीने फ्रान्समध्ये मोठमोठी आश्वासनं दिली. सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं. एप्रिलमध्ये फ्रेंच वसाहतींमधली गुलामगिरी रद्द झाली. बेकारांना काम देण्यासाठी राष्ट्रीय कार्यशाळा निघाल्या. पण बायकांना मत मिळालं नाही. अल्जीरिया हा फ्रान्सचाच भाग आहे असं नव्या राज्यघटनेत लिहिलं गेलं, तरी तिथल्या मूळच्या लोकांना फ्रेंच माणसाइतके हक्क आले नाहीत. जूनमध्ये त्या कार्यशाळाही बंद केल्या. तेव्हा पॅरिसचे कामगार रस्त्यावर आले, चार दिवस लढाई झाली, हजारो माणसं मेली. म्हणजे घर सोडण्याआधीच फ्रेंच कामगाराने समतेची एक हद्द स्वतःच्या गल्लीत पाहिली होती.

अशा वेळी सोन्याची बातमी आली. शहरात काम नाही, धंदे बसलेले, आणि सातासमुद्रापार नदीत परात बुडवली की सोनं मिळतं म्हणतात! मग काय, डझनावारी कंपन्या निघाल्या. शेअर घ्या, जहाजात बसा, श्रीमंत होऊन या, अशा त्यांच्या जाहिराती होत्या. बऱ्याच कंपन्या बुडाल्या किंवा मुळातच फसव्या होत्या. ल हाव्र बंदरातून निघालेलं जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून पाच-सहा महिन्यांनी सॅन फ्रान्सिस्कोला लागायचं.

सरकारनेही या संधीचा फायदा घेतला. १८५० मध्ये 'सोन्याच्या विटांची लॉटरी' निघाली. एक फ्रँकचं एक अशी सत्तर लाख तिकिटं, आणि पहिलं बक्षीस चार लाख फ्रँकची सोन्याची वीट. जमलेल्या पैशातून पाच हजार गरजूंना फुकट कॅलिफोर्नियाला पाठवणार असं सांगितलं गेलं. प्रत्यक्षात तीन हजारांच्या वर माणसं गेली. धाकट्या अलेक्झांडर द्युमाने या लॉटरीसाठी पुस्तिका लिहिली, तर कार्ल मार्क्सने तिच्यावर टीका केली. पॅरिसच्या कामगाराच्या डोळ्यांसमोर क्रांतीऐवजी सोन्याचं स्वप्न धरलं गेलं, असा त्याचा रोख होता. त्रास देणारी माणसं देशाबाहेर जातील आणि वर लोक टाळ्याही वाजवतील, असा हा सोयीचा व्यवहार. साधारण १८४९ ते १८५४ या काळात वीस ते तीस हजार फ्रेंच कॅलिफोर्नियाला गेले असा अंदाज धरला जातो.

एका टोपणनावाचा जन्म

मराठीच्या विद्यार्थ्यांनी इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचा मुद्दा भाषेचा आहे.

खाणींवर गेलेल्या बहुतेक फ्रेंचांना इंग्रजी येत नव्हतं. अमेरिकन माणूस काही बोलला की ते आपल्या दुभाष्याकडे वळून विचारायचे, 'केस् किल दी?' म्हणजे 'तो काय म्हणतोय?' हा प्रश्न इतक्या वेळा कानावर पडला की अमेरिकनांनी सगळ्या फ्रेंचांचं नावच 'केस्किडी' ठेवलं. आधी गंमत म्हणून, मग हेटाळणी म्हणून.

म्हणजे बघा, समोरच्याचं बोलणं समजून घ्यायची धडपड हीच त्या माणसाची चेष्टा झाली. भाषा येत नाही एवढ्यावर माणूस कमी ठरला. हे काही नवं नाही. ग्रीक लोक ज्यांची भाषा कळत नाही त्यांना 'बर्बर' करणारे म्हणायचे, त्यातून इंग्रजीतला 'बार्बेरियन' आला. संस्कृतातला 'म्लेच्छ' हाही मुळात अस्पष्ट बोलणारा. आपल्या 'फिरंगी' शब्दाच्या मुळाशी 'फ्रँक' लोक आहेत, ज्यांच्यावरून फ्रान्सला नाव पडलं. मराठीत मात्र तो सगळ्याच गोऱ्या परक्यांना, त्यातही पोर्तुगीजांना लागला. नाव ठेवणारा माणूस समोरच्याचं नाव विचारत नाही, हा सगळ्या टोपणनावांचा पहिला नियम दिसतो.

आणि आपल्याला गोव्याला जायचं तरी कशाला लांब वाटावं? बेळगाव-चंदगड भागातली किती माणसं तिथे कामाला जातात. तिथे ती 'घाटी' होतात. घाटावरून आलेला एवढाच त्याचा अर्थ, पण तो कसा उच्चारला जातो त्यावर सगळं अवलंबून. 'केस्किडी' आणि 'घाटी' हे शब्द एकाच कारखान्यात तयार झालेत.

वीस डॉलरचा परवाना

चेष्टा एक वेळ सहन होते. कायदा झाला की मग सहन करण्यापलीकडे जातं.

एप्रिल १८५० मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने परदेशी खाणकामगारांवर कर बसवला. जो अमेरिकेचा नागरिक नाही त्याने खाणीवर काम करायचं तर दर महिन्याला वीस डॉलरचा परवाना घ्यायचा. सोन्याचा भाव तेव्हा औंसाला सोळा डॉलरच्या आसपास होता. म्हणजे सव्वा औंस सोनं महिन्याला नुसतं 'परदेशी' असल्याबद्दल द्यायचं. ज्याच्या हाती रोज पोटापुरतंच लागत होतं त्याने काय करावं?

आता यातला विरोधाभास पाहा. हा कर लावणारे अमेरिकनही स्वतः तिथे एक-दोन वर्षांपूर्वीच आलेले होते. कॅलिफोर्निया फेब्रुवारी १८४८ पर्यंत मेक्सिकोचा होता. म्हणजे मार्शलला सोनं सापडलं तेव्हा तो सुद्धा कागदोपत्री मेक्सिकोच्याच भूमीवर उभा होता. पण हद्द बदलली आणि एका रात्रीत कालचे घरचे परके झाले, कालचे परके मालक झाले. सीमाभागातल्या वाचकाला हे वाक्य दोनदा समजावून सांगायची गरज नाही.

दक्षिणेकडच्या खाणींमध्ये सोनोरा नावाचं गाव आहे. मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतातून आलेल्या लोकांनी वसवलं म्हणून ते नाव. मे १८५० मध्ये तिथे मेक्सिकन, चिली-पेरूचे लोक आणि फ्रेंच असे हजारो परदेशी कराविरुद्ध एकत्र आले. भाषा वेगळ्या, देश वेगळे, पण मागणी एक. त्यात फ्रेंच पुढे होते. नुकतीच राजाला घालवून आलेली माणसं ती, सभा घेणं, निषेध लिहिणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. उत्तरादाखल शेजारच्या वस्त्यांमधून बंदूकधारी अमेरिकन गावात आले. मोठा रक्तपात टळला, पण हजारो लोकांनी तो भाग सोडला. सगळ्यात जास्त मेक्सिकनांनी.

पुढच्या वर्षी मोकेलम्न हिल इथे आणखी एक प्रकरण झालं. फ्रेंचांच्या एका गटाला चांगली जागा लागली होती. त्यांनी तिथे आपला तिरंगा उभारला, असं सांगितलं जातं. हा आमच्या देशाचा अपमान आहे म्हणत अमेरिकनांनी त्यांना हुसकावलं आणि जागा ताब्यात घेतली. स्थानिक इतिहासात याला 'फ्रेंच युद्ध' असं भारदस्त नाव आहे. झेंड्याचा राग खरा होता की जमिनीत दिसलेल्या सोन्याची ओढ, हे वाचकाने ठरवावं.

कर गेला, आणि परत आला

मार्च १८५१ मध्ये वीस डॉलरचा कर रद्द झाला. न्याय सुचला म्हणून झाला असं मात्र म्हणता येत नाही. परदेशी निघून गेल्यावर खाणगावातल्या दुकानदारांचा धंदा बसला. पीठ, फावडी, दारू घेणार कोण? व्यापाऱ्यांच्या ओरडीचा त्यात मोठा वाटा होता.

इथपर्यंतची गोष्ट ऐकली की आपण सहज फ्रेंचांच्या बाजूने होतो. पण अभ्यासाचा खरा भाग यापुढे आहे.

मे १८५२ मध्ये कर परत आला. या वेळी महिन्याला तीन डॉलर, वर्षभराने चार. त्या एका वर्षात सॅन फ्रान्सिस्को बंदरात सुमारे वीस हजार चिनी माणसं उतरली होती. हा कर प्रामुख्याने त्यांच्याकडून वसूल झाला आणि तो १८७० पर्यंत चालू राहिला. वसुलीला येणारे लोक मारहाण करायचे, दोनदा पैसे घ्यायचे.

आणि फ्रेंच? १७९० च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसाला घेता येत होतं. फ्रेंच माणूस भाषेने परका, पण रंगाने आत घेण्यासारखा. त्याला नागरिक व्हायची वाट उघडी होती. चिनी माणसाला ती बंद होती, कितीही वर्षं राहिला तरी. १८५० मध्ये सोनोरात जमले तसे हजारो लोक १८५२ मध्ये चिन्यांसाठी जमले नाहीत. तोच कर, तीच परात, तोच 'परदेशी' हा शब्द. फक्त आता तो शब्द दुसऱ्याला लागत होता.

१८५४ मध्ये तर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एक भयंकर निकाल दिला. जॉर्ज हॉल नावाच्या गोऱ्याला लिंग सिंग या चिनी माणसाच्या खुनाबद्दल शिक्षा झाली होती. न्यायालयाने ती रद्द केली. कारण साक्षीदार चिनी होते आणि गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष चालणार नाही असं ठरलं. 'तो काय म्हणतोय' याची नुसती चेष्टा व्हायची ती गोष्ट वेगळी. इथे तो काय म्हणतोय ते ऐकायचंच नाही असं न्यायालय सांगत होतं.

त्याही खाली तिथले मूळ रहिवासी होते. १८५० च्याच एका कायद्याने त्यांना जबरदस्तीने कामाला लावायची सोय करून ठेवली, आणि त्या कायद्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द होता! १८४८ मध्ये सुमारे दीड लाख असलेली त्यांची संख्या १८७० पर्यंत तीस हजारांच्या आसपास आली. रोगराई, उपासमार आणि सरळ कत्तली. ज्या नदीकाठांवरून सगळे एकमेकांशी भांडत होते ते काठ मुळात या लोकांचे होते.

फ्रेंचांमधले काही तर याहून पुढे गेले. राउसे-बुल्बों नावाचा सरदारपुत्र, कॅलिफोर्नियात निराश झालेल्या फ्रेंचांना घेऊन मेक्सिकोत घुसला. १८५२ मध्ये त्याने एर्मोसियो शहर घेतलं, आणि दुसऱ्या स्वारीत पकडला जाऊन ऑगस्ट १८५४ मध्ये ग्वायमासला गोळी घालून मारला गेला. सोनोरा गावात मेक्सिकनांच्या खांद्याला खांदा लावून फ्रेंच उभे राहिले त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

बाकीचे बहुतेक शहरात स्थिरावले. पाव, खानावळी, कपड्यांची दुकानं. १८५१ मध्ये त्यांनी परस्पर मदतीची संस्था काढली, तिच्यातून दवाखाना उभा राहिला. १८५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्यासाठी 'नोत्र दाम दे व्हिक्त्वार' हे चर्च सुरू झालं. परक्या गावी आपल्या भाषेत पापनिवेदन करता येणं म्हणजे काय, हे आमच्यासारख्यांना समजू शकतं. ही बंधुता खरी होती. पण ती भाषेच्या कुंपणाआतली होती.

आपल्याकडचे सोन्यामागे गेलेले

मराठी माणूसही सोन्यामागे गेला आहे, पण खाणीत नाही. सांगली जिल्ह्यातला विटा-खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. पाऊस नाही, शेतीत भागत नाही, म्हणून तिथली हजारो कुटुंबं काही पिढ्यांपासून गलाईच्या धंद्यात गेली. जुने दागिने मुशीत घालून वितळवायचे, तेजाबाने सोनं शुद्ध करायचं, अगदी सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची मातीसुद्धा गाळून तिच्यातला कण काढायचा. आज तमिळनाडू-केरळपासून बंगालपर्यंत गावोगावी हे गलाई बांधव भेटतात. पोरगा शाळा सोडून मामाच्या नाहीतर चुलत्याच्या भट्टीवर जायचा आणि दोन-तीन वर्षांत तिथली भाषा बोलू लागायचा.

यांना राज्यघटनेने पूर्ण समता दिलेली आहे. भारतात कुठेही राहा, कुठलाही धंदा करा. पण चोरीचं सोनं कुठे सापडलं की पहिला संशय परगावच्या गलाईवाल्यावर. चोरीचा माल घेतल्याचं कलम, म्हणजे जुन्या दंडसंहितेतलं ४११, लावून नाहक त्रास होतो ही त्यांची कित्येक वर्षांची तक्रार आहे. कागदावरची समता आणि पोलीस चौकीतली समता यांच्यात अंतर असतं, हे कॅलिफोर्नियाला न जाताही कळतं.

उचगावातून बघताना

आता घरचं बोलू. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि उचगाव, बेळगाव, निपाणी हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. माणसं हलली नाहीत, हद्द हलली. तेव्हापासून आपण भाषिक अल्पसंख्याक आहोत. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची तरतूद त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने आली. जिथे अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथे सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत द्याव्यात, ही आपली जुनी मागणी त्याच काळातल्या केंद्राच्या धोरणावर उभी आहे. सातबाऱ्याचा उतारा हातात आला की शेजारच्या शिकलेल्या पोराला 'यात काय म्हटलंय रे?' असं विचारणारे आजोबा आपल्याकडे घरोघरी आहेत. तेही आपले केस्किडीच. त्यांचा प्रश्न चेष्टेचा नाही, हक्काचा आहे, आणि तो आपण विचारत राहिलं पाहिजे.

पण सोनोराच्या सभेत उभं राहणं हा या धड्याचा अर्धाच भाग. १८५२ ला आपण काय करतो, हा उरलेला अर्धा. आपल्या भागात बांधकामावर, फौंड्रीत, वीटभट्टीवर लांबून आलेली माणसं काम करतात. कुणी उत्तर कर्नाटकातलं, कुणी बिहार-झारखंडातलं. त्यांच्या पोरांची शाळा कोणत्या भाषेत होते, खोली भाड्याने देताना आपण आधी काय विचारतो, नळावर त्यांचा नंबर कधी लागतो? निपाणीत १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर बसले आणि गोळीबारात शेतकरी मेले, हे आपण अभिमानाने आणि दुःखाने सांगतो. त्याच तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांना मजुरीसाठी वेगळं संघटित व्हावं लागलं, हे तितक्या मोठ्याने सांगत नाही. आणि आमच्या ख्रिस्ती समाजातही जात दाराबाहेर थांबते असं छातीठोकपणे म्हणता येईल का?

शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला आहे. संध्याकाळी मालक सगळ्यांना सारखीच मजुरी देतो, तेव्हा सकाळपासून राबलेले कुरकुर करतात. त्यांची मजुरी एका पैशानेही कमी झालेली नसते. उशिरा आलेल्यांना त्यांच्या बरोबरीला बसवलं, हे त्यांना खुपतं. कॅलिफोर्नियातली कुरकुर नेमकी हीच होती, फक्त तिथे द्राक्षांऐवजी सोनं होतं.

म्हणून शेवटी १८४८ च्या पुण्याकडे यावंसं वाटतं. पॅरिसने सगळ्या पुरुषांना मत दिलं आणि बायकांपाशी थांबलं. भिडेवाड्यातली शाळा मुलींपासूनच सुरू झाली, आणि फुले दांपत्याने पुढे अस्पृश्य मानलेल्यांसाठीही शाळा काढल्या. याच जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं. दूरच्या देशातल्या न पाहिलेल्या माणसांच्या सुटकेत त्यांना आपली गोष्ट दिसली. फ्रेंचांनी समता वरून खाली मोजली, आपल्यापर्यंत आली की हिशेब संपवला. फुल्यांनी ती खालून वर मोजली. मोजपट्टी एकच, पण कुठल्या टोकाने धरली यावर सगळा फरक पडला.

मंडळाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. 'केस्किडी', 'घाटी', 'फिरंगी' यांसारखे आपल्या गावात वापरात असलेले आणखी शब्द गोळा करा. प्रत्येक शब्द कोण, कुणाला, कोणत्या आवाजात म्हणतं ते लिहा.

२. १८५१ मध्ये कर रद्द झाला तो न्यायामुळे की व्यापारामुळे? कारण चुकीचं असून निकाल बरोबर आला तर तो टिकतो का?

३. हद्द बदलल्यामुळे परके झालेले आणि पोटासाठी हद्द ओलांडून आलेले, या दोघांच्या हक्कांत फरक करावा का? सीमाभागातल्या मराठी माणसाने याचं उत्तर देताना स्वतःला कोणत्या बाजूला धरावं?